सूडाची गोष्ट लिहिताना माणूस कसा उभा करायचा

सूडकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा शेवटापासून सुरुवात करतो. विष, सुरा, भर सभेत फुटलेलं बिंग असा काहीतरी जोरदार प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि त्या प्रसंगापर्यंत पोचायला तो माणसं गोळा करतो. ही माणसं कथानक पुढे ढकलतात, पण वाचकाच्या लक्षात राहत नाहीत. वार करायला एक क्षण पुरतो, वाट पाहायला वर्षं लागतात, आणि माणूस कळतो तो त्या वर्षांत. म्हणून इथे दिलेली पद्धत वाराच्या आधीच्या काळावर जास्त भर देते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पुण्याच्या नारायण पेठेत एक लहान छापखाना आहे. मालतीबाई तिथे प्रूफं तपासतात, नाना मालक आहेत. 1983 साली एका शाळेच्या वार्षिक अंकात मुख्याध्यापकांचं नाव ‘देशपांडे’ऐवजी ‘दशपांडे’ छापलं गेलं. मालतीबाईंनी शेवटचं प्रूफ बिनचूक दिलं होतं. ओळ लांबते म्हणून नानांनीच नंतर खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, काढून परत बसवले आणि त्यात मात्रा गळाली. शाळेची माणसं भांडायला आली तेव्हा नानांनी सगळ्या जुळाऱ्यांसमोर, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांसमोर, बोट मालतीबाईंकडे केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक भिंग आणून ठेवलं. अकरा वर्षांनी नानांच्या मुलीची लग्नपत्रिका तपासायला त्याच टेबलावर येते. गोष्ट अडीच हजार शब्दांची धरू.

1. आधी शब्द ठरवा

मराठीत सूडासाठी एक शब्द नाही, आठ-दहा आहेत, आणि प्रत्येकामागे वेगळा माणूस उभा आहे. खुन्नस ही तोंडावर दिसते. ती गल्लीतली, कट्ट्यावरची असते आणि दोन महिन्यांत विरते किंवा मारामारीत संपते. वचपा काढणारा हिशेबी असतो, गेलं तेवढं परत आलं की तो घरी जातो. उट्टं काढणारा लहानसहान गोष्टी साठवत जातो आणि एकदम वसूल करतो. अद्दल घडवणारा स्वतःला मास्तरच्या जागी ठेवतो. आपण समोरच्याच्या भल्यासाठीच हे करतोय असं त्याला मनापासून वाटतं, म्हणून तो जास्त भीतिदायक होऊ शकतो. काटा काढणाऱ्याला राग असेलच असं नाही, त्याला वाट मोकळी हवी असते. आणि डूख धरणारा म्हणजे सापाची जात. तो गप्प असतो, काही विसरत नाही, आणि त्याच्या हालचालीत काहीच बदललेलं दिसत नाही.

यातला एकच शब्द निवडा आणि कागदाच्या वर लिहून ठेवा. मालतीबाईंनी डूख धरला आहे. म्हणजे आरडाओरडा बाद, टोमणे बाद, मैत्रिणीजवळ मन मोकळं करणंही बाद. एका शब्दाने निम्मे प्रसंग आपोआप गळून पडतात. नव्या लेखकाच्या गोष्टीत पात्र पहिल्या पानावर खुन्नस दाखवतं, तिसऱ्यावर डूख धरतं आणि शेवटी अद्दल घडवतं, तेव्हा वाचकाला तीन वेगळी माणसं भेटल्यासारखं वाटतं. वर्षांगणिक स्वभाव बदलत गेला असं खरंच दाखवायचं असेल तर ते करता येतं, पण त्याला कादंबरीची जागा लागते.

2. घाव मोजून लिहा

घाव साठ शब्दांत लिहून पाहा. काय झालं, कुठे झालं, कोण बघत होतं, काय गेलं, या चार प्रश्नांची उत्तरं त्यात आली पाहिजेत. ‘नानांनी तिचा खूप अपमान केला’ या वाक्यात एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

बहुतेक जण तिसरा प्रश्न सोडतात आणि सूडकथेत सगळ्यात जास्त वजन त्यालाच असतं. तोच अपमान बंद खोलीत झाला असता तर मालतीबाई चार दिवस रडल्या असत्या आणि विसरल्या असत्या. जुळारी बघत होते, एक जण खाली मान घालून हसला, आणि पुढची अकरा वर्षं रोज सकाळी दहाला त्याच माणसांत येऊन बसायचं होतं. म्हणून साक्षीदार मोजून ठरवा. तीन ते पाच जण पुरतात. त्यांतल्या एकालाच चेहरा द्या, कारण तो पुढे लागणार आहे.

घावाचं माप आणि सूडाचं माप शेजारीशेजारी ठेवून बघा. दोन्ही बरोबरीत आले तर गोष्ट न्यायाची होते आणि वाचक निवांत होतो. सूड घावापेक्षा थोडा मोठा झाला की वाचक अस्वस्थ होतो, कारण तो आत्तापर्यंत पात्राच्या बाजूने होता. हे ‘थोडा’ महत्त्वाचं. एका भिंगासाठी खून केला तर वाचक पात्राला वेडं ठरवतो आणि पुस्तक मिटतो.

3. हत्यार त्याच्या धंद्यातून काढा

पात्र रोज हाताने जे काम करतं त्यातूनच सूड निघाला पाहिजे. शिवणकाम करणारी मापात फसवेल. सोसायटीचा सेक्रेटरी ना-हरकत दाखला ‘पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ’ म्हणत वर्षभर लटकवेल. खानावळवाली जेवणात काही घालणार नाही, ती फक्त एका माणसाचा डबा बंद करेल. उसनं हत्यार आणलं की पात्र खोटं पडतं. आयुष्यभर प्रूफं तपासणारी बाई अचानक विषाची बाटली मिळवते, यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पुण्याच्या लोकांना अक्षराने केलेला सूड नव्याने सांगायला नको. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी गारद्यांना लिहिलेल्या पत्रात ‘धरावे’ होतं आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती किती टिकते हा निराळा विषय. कथालेखकाने बघायचं ते हे की अडीचशे वर्षं लोकांच्या तोंडी कट, तैनात गारदी, देण्याघेण्याचे आकडे यांतलं फारसं काही राहिलं नाही, एक अक्षर राहिलं. कारण त्या अक्षरात माणूस दिसतो: लिहितावाचता येणारी, पडद्याआडून घरातलं राजकारण बघणारी बाई. आणि याच गोष्टीतला धोकाही ओळखा. कट अनेकांचा होता, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं रघुनाथरावांना, पण लोकांच्या तोंडी खलनायिका झाली ती बाईच. आपल्या गोष्टीतल्या सूड घेणाऱ्या बाईला कान भरणारी, कपटी असा तयार मुखवटा चढत नाही ना, हे दर मसुद्यात तपासा.

मालतीबाईंचं हत्यार असं. नानांच्या मुलीच्या पत्रिकेत वराच्या आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ आहे आणि खालच्या ओळीत वराच्या नावाआधी ‘चि.’ हवं. संगणकावर मजकूर लावणाऱ्या मुलाने वरची ओळ उतरवून खाली चिकटवली, नाव बदललं आणि ‘कै.’ तसंच राहिलं. मालतीबाईंना ते पहिल्या नजरेत दिसतं. चूक त्यांनी केलेली नाही. त्या फक्त समासात खूण करत नाहीत.

न करण्यातून घेतलेला सूड लघुकथेला फार मानवतो. त्याला तयारी लागत नाही, पुरावा राहत नाही, आणि पात्राला स्वतःशीही म्हणता येतं की मी कुठे काय केलं?

4. मधली वर्षं तीन गोष्टींनी भरा

‘अकरा वर्षं ती सूडाच्या आगीत जळत होती’ असं लिहिलं की अकरा वर्षं एका वाक्यात वाया गेली. त्याऐवजी तीन ठोस गोष्टी शोधा: पात्राने काय जपून ठेवलं, काय सोडलं, आणि काय जसंच्या तसं चालू ठेवलं.

मालतीबाईंनी भिंग जपलं. ड्रॉवरमध्ये लपवलं असतं तर नेहमीचंच झालं असतं. त्या ते रोज वापरतात. गरज नसताना प्रत्येक प्रूफावरून फिरवतात, संध्याकाळी पदराने पुसून परत त्याच जागी ठेवतात. नानांना वाटतं, बाईंनी चांगल्या मनाने घेतलं. सोडलं काय, तर सगळ्यांबरोबर चार वाजताचा चहा. चालू ठेवलं काय, तर बिनचूक काम. अकरा वर्षांत त्यांच्या हाताखालून एक वेलांटी चुकीची गेली नाही.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची, कारण सूडाची किंमत तिच्यातूनच ठरते. प्रूफावर सही मालतीबाईंची असणार. ‘यांना दिसत नाही’ हा जो खोटा आरोप खोडायला त्यांनी अकरा वर्षं घालवली, तो एका सहीने त्या स्वतःच खरा करणार आहेत. पात्राला सर्वांत प्रिय असलेली वस्तूच त्याने सूडासाठी मोडली, की वाचकाला त्याचा राग किती खोल होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

5. संबोधनाकडे डोळ्यांत तेल घालून बघा

मराठी लेखकाच्या हातात इथे एक मोठी सोय आहे आणि ती वाया घालवू नये. तू, तुम्ही, आपण, अहो, अरे, नाना, मालक, साहेब यांतून निवड करताना प्रत्येक पात्र समोरच्याशी असलेलं नातं मोजून दाखवत असतं. सूडकथेत नातं बिघडतं, म्हणजे संबोधन बदललंच पाहिजे. मात्र ते कोणत्या बाजूने बदलतं यात स्वभाव दिसतो. खुन्नसवाला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतो. डूख धरणारा उलट जातो, जास्त अदबीने बोलायला लागतो.

घावाच्या प्रसंगाचे दोन मसुदे शेजारी ठेवा. पहिला:

“तू आंधळी आहेस का? तुझ्यामुळे माझी अब्रू गेली!” नाना ओरडले.
“नाना, मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही,” मालती म्हणाली.

दुसरा:

“मालतीबाई, हे घ्या.” नानांनी भिंग टेबलावर ठेवलं. “वयाप्रमाणे होतं असं. लाजायचं काय त्यात.”
मालतीबाईंनी भिंग उचललं, फडक्याने पुसलं.
“बरं, मालक,” त्या म्हणाल्या.

पहिल्यात नाना नाटकातले खलनायक आहेत आणि मालतीबाई सगळी गोष्ट आधीच सांगून मोकळ्या झाल्या आहेत. पेठेतला छापखान्याचा मालक चाळिशीच्या बाईला ‘तू’ म्हणणार नाही, हा वेगळा दोष. दुसऱ्यात अपमान सभ्य शब्दांत आहे, म्हणून जास्त लागतो. आणि कालपर्यंतचे ‘नाना’ आज ‘मालक’ झाले. पुढे गोष्टभर त्या परत ‘नाना’ म्हणत नाहीत. नानांना हा मान वाटतो, वाचकाला मात्र काय झालंय ते कळतं. हा एक शब्द पाचशे शब्दांच्या मनोगताचं काम करतो.

बोलण्याचा कान तयार करायचा असेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयात दोन-तीन दिवस खुल्या सुनावण्या ऐकत मागच्या बाकावर बसा. भावाभावांचे, मालक-भाडेकरूंचे दावे ऐका. वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं एकमेकांबद्दल किती मोजकं आणि किती कोरडं बोलतात हे तिथे कळतं. नावं, तपशील उचलू नका, ती खरी माणसं आहेत. वाक्याची लांबी आणि गप्प राहण्याच्या जागा तेवढ्या उचला.

6. ज्याच्यावर सूड, त्याच्या बाजूनेही एक पान लिहा

हे पान गोष्टीत जाणार नाही, तरी लिहा. नानांच्या तोंडून, प्रथमपुरुषी, सुमारे तीनशे शब्द. लिहिताना बहुतेक वेळा असं सापडतं की त्यांना तो प्रसंग आठवतच नाही. शाळेचं काम हातचं गेलं असतं, दोन जुळाऱ्यांचा पगार थकला होता, कोणावर तरी ढकलायलाच हवं होतं. भिंग तर त्यांनी खरोखर मदत म्हणून आणलं असेल. घाव देणारा विसरतो आणि घाव सोसणारा विसरू शकत नाही, या फरकातच गोष्टीची खरी धार असते.

मग त्याला निदान एक चांगुलपणा द्या, तोही सूडाच्या वाटेवर. इथे तो आयता आहे. घरच्या लग्नाची पत्रिका असूनही नाना प्रूफ वाचत नाहीत. “मालतीबाईंनी पाहिलंय ना? मग छापा,” म्हणतात. ज्या नजरेला त्यांनी चारचौघांत नावं ठेवली, तिच्यावरच त्यांचा डोळे मिटून विश्वास आहे. इथे मालतीबाईंना क्षणभर थांबवा. त्या थांबल्या नाहीत तर राक्षस होतील, आणि फार थांबल्या तर वाचकाला शेवट आधीच कळेल. दोन वाक्यं बस्स.

7. बाकीची माणसं

अडीच हजार शब्दांत चार माणसांपेक्षा जास्त मावत नाहीत. सूड घेणारा, ज्याच्यावर घ्यायचा तो, साक्षीदार, आणि काहीही दोष नसताना सापडलेला. हा चौथा विसरू नका. इथे ती नानांची मुलगी आहे. तिला गोष्टीत एकदाच, पण नीट आणा. लहानपणी ती छापखान्यात येऊन मालतीबाईंच्या टेबलाखाली खेळायची, भिंगातून बोटांच्या रेषा बघायची. चौथ्या माणसाला फार गोड केलं तर ते वाचकाला रडवण्यासाठी आणलंय हे उघडं पडतं. तिला थोडी हट्टी, थोडी बेफिकीर ठेवा.

8. शब्दांची वाटणी

घाव 350, मधली वर्षं 1000, संधी 500, प्रत्यक्ष सूड 300, नंतरचं 350. एकूण 2500. पहिल्या मसुद्यात बहुतेकांचा सूडच हजार शब्दांचा होतो आणि मधली वर्षं दीडशेत उरकतात. तसं झालं असेल तर काटछाट सूडाच्या प्रसंगात करा.

त्या तीनशे शब्दांत भाषण नको. ‘आठवतंय, अकरा वर्षांपूर्वी…’ अशी सुरुवात करणारं पात्र वाचकाला मठ्ठ समजतं. हात लिहा, वस्तू लिहा. लाल शाईचं पेन उघडलं. भिंग दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर आलं. तिथे थांबलं. मग चौथ्या ओळीवर गेलं. खाली ‘पाहिले, छापावे’, सही, तारीख.

9. तपासणी

मसुदा चार दिवस बाजूला ठेवा, मग तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. एका रंगाने भावनांची नावं अधोरेखित करा: सूड, बदला, राग, द्वेष, अपमान, संताप. सगळ्या गोष्टीत मिळून तीनपेक्षा जास्त आली तर जादा आलेल्या प्रत्येक जागी एखादी कृती लिहा. दुसऱ्या रंगाने संबोधनं, म्हणजे चुकून परत आलेला ‘नाना’ सापडेल. तिसऱ्याने वस्तू. भिंग चार-पाच वेळा यावं, आणि प्रत्येक वेळी त्याचं काम वेगळं असावं.

योगायोगही मोजा. घाव योगायोगाने झाला तर चालतो, संधी योगायोगाने आली तरी चालते, पण सूड नाही. ‘कै.’ची चूक संगणकावरच्या मुलाकडून अपघाताने होते, ती तशीच सोडणं हा मालतीबाईंचा निर्णय आहे. हे दोन्ही अपघात झाले तर बाई पात्र उरत नाहीत.

मग गोष्ट मोठ्याने वाचा. संवाद वाचताना जिथे आवाज आपोआप चढतो तिथे लिखाण नाटकी झालंय असं समजा.

10. कुठे थांबायचं

सूड झाल्यावर पश्चात्ताप दाखवायची नव्या लेखकाला घाई असते. पश्चात्ताप पात्राचा असेल तरच येऊ द्या, लेखकाच्या भीतीपोटी नको. साडेतीनशे शब्दांत पात्राला एकच गोष्ट करायला लावा.

आपल्या उदाहरणात थांबायला दोन जागा आहेत. एक, पत्रिका वाटायला घेताना कोणाच्या तरी लक्षात येतं आणि नाना प्रूफ मागवतात. इथे गोष्ट उलगडत बसते, खुलासे द्यावे लागतात. दुसरी जागा त्याच्या आधीची. पाचशे पत्रिकांचा गठ्ठा नुकताच बांधून आला आहे, शाईचा वास आहे, कोपऱ्यांना कुंकू लावायचं काम चाललं आहे. पहिली पत्रिका रीतीप्रमाणे कसबा गणपतीला ठेवायची म्हणून नाना वरची एक उचलतात, न वाचता पाकिटात घालतात, चपला घालून बाहेर पडतात. दारात थांबून विचारतात, “मालतीबाई, येताय का देवाला?”

दुसरी जागा घ्या. मालतीबाईंचं उत्तर लिहा, आणि त्या उत्तरात ‘नाना’ म्हणायचं की ‘मालक’, हे मात्र सगळ्यात शेवटी ठरवा.